फावेलाची पोरं मास्तर झाली तेव्हा: आफ्रोरेगे, रिओ ते पूर्व लंडन

२००६ च्या मार्चमध्ये लंडनच्या बार्बिकन सेंटरमध्ये रिओ दि जानेरोचं एक पथक वाजवायला आलं. नाव आफ्रोरेगे. महिनाभर आधीच, १८ फेब्रुवारीला, याच मंडळींनी कोपाकबानाच्या वाळूवर रोलिंग स्टोन्सच्या फुकट मैफलीआधी वाजवलं होतं आणि समोर दहा लाखांच्या वर माणूस होता. लंडनला मात्र ती नुसती वाजवायला आली नव्हती. बार्बिकन आणि क्वीन मेरी विद्यापीठातली 'पीपल्स पॅलेस प्रोजेक्ट्स' ही संस्था यांनी मिळून जो कार्यक्रम आखला, त्यात मंचावरच्या खेळाइतकंच वजन पूर्व लंडनच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांबरोबरच्या कार्यशाळांना होतं. 'फ्रॉम द फावेला टू द वर्ल्ड' असं त्याचं नाव; फावेला म्हणजे रिओतली गरीब वस्ती. पुढे २०१२ च्या ऑलिंपिकपर्यंत हे येणं-जाणं चालू राहिलं.

दोन देशांतल्या गरीब वस्त्यांमधल्या तरुणांची कलेची देवाणघेवाण म्हटली की एक ठरलेली गोष्ट ऐकायला मिळते. श्रीमंत देशातले कलावंत रंगांचे डबे किंवा कॅमेरे घेऊन गरीब देशातल्या वस्तीत उतरतात, मुलं हसतात, फोटो निघतात, मंडळी परत जातात. आफ्रोरेगेच्या बाबतीत पैसा बऱ्याच अंशी लंडनचा होता आणि मास्तर फावेलातले होते. मला हे प्रकरण तपशिलात मांडावंसं वाटलं ते यासाठी. मात्र लंडनपासून सुरुवात केली तर ते नीट समजत नाही. लंडन ही या गटाची तिसरी देवाणघेवाण. पहिली भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांशी झाली, दुसरी पोलिसांशी. तिन्हींत सगळ्यात लांबचा प्रवास लंडनचा होता आणि माझ्या मते सगळ्यात सोपाही तोच.

१९९३

विगारिओ जेराल ही रिओच्या उत्तर भागातली फावेला. आपण फावेलाला सरसकट झोपडपट्टी म्हणून मोकळे होतो, पण घरं बहुतेक विटा-काँक्रीटची असतात, गिलावा न केलेली, वर मजला चढवायला सळया उघड्या ठेवलेली. वस्तीच्या एका अंगाने लोकल रेल्वे जाते आणि रुळांवरचा पादचारी पूल हीच तिची मुख्य वाट. १९९३ च्या ऑगस्टमध्ये तिथे जवळच्या चौकात चार पोलीस मारले गेले. दुसऱ्या रात्री, २९ ऑगस्टला, तोंडं झाकलेली सशस्त्र माणसं वस्तीत शिरली. ते बहुतेक ड्युटीवर नसलेले पोलीस होते. त्यांनी एकवीस जणांना मारलं. मेलेल्यांपैकी कुणाचाही अमली पदार्थांच्या धंद्याशी संबंध नव्हता. त्यातले आठ एकाच घरातले, प्रार्थनेला जाणारं साधं कुटुंब. त्याच्या महिनाभर आधी, २३ जुलैला, शहराच्या मध्यवस्तीत कांदेलारिया चर्चसमोर झोपलेल्या मुलांवर गोळीबार होऊन आठ जण गेले होते, त्यातही आरोप पोलिसांवर होता. विगारिओ जेरालच्या खटल्यांत पन्नासहून अधिक पोलिसांवर आरोप ठेवले गेले, शिक्षा मोजक्यांनाच झाली.

आफ्रोरेगे तेव्हा वाद्यवृंद नव्हताच. जोझे ज्युनियर नावाचा एक तरुण रेगे संगीताच्या रात्री भरवायचा आणि त्याने काही मित्रांबरोबर त्याच वर्षी जानेवारीत एक छोटं वर्तमानपत्र काढलं होतं: 'आफ्रोरेगे नोतिसियास', काळ्या लोकांच्या संगीत-संस्कृतीच्या बातम्यांचं, फुकट वाटलं जाणारं. हत्याकांडानंतर ही मंडळी विगारिओ जेरालमध्ये गेली आणि ढोल, आफ्रो नृत्य, कचऱ्यातून वस्तू बनवणं अशा कार्यशाळा सुरू केल्या. पुढे निघालेल्या पोटपथकांपैकी 'आफ्रो लाता' हे तर पत्र्याचे डबे आणि पिंपांवरच वाजवायचं.

एक गंमतीचा तपशील, आपल्याकडच्या वाचकाला चकित करणारा. या ज्युनियरने आपल्या गटासाठी दैवत निवडलं ते शिव. आफ्रिकी परंपरेतल्या देवतांच्या बरोबरीने शंकर, कारण तो जुनं मोडून नवं करतो असं त्याला कुठून तरी कळलं होतं. गटाच्या बोलण्यात, प्रतीकांत हा शिव सतत येतो. रिओच्या उत्तर भागात डमरूवाल्याची अशी प्रतिष्ठापना होईल हे कैलासावरही कुणाला सुचलं नसेल.

नोकरीच्या दोन शिड्या

या वस्त्यांतल्या पोरांपुढे टोळीचा धंदा म्हणजे एक रीतसर नोकरी असते, पदोन्नतीसकट. दहा-बारा वर्षांचं पोर 'फोगेतेइरो' म्हणून लागतं: गच्चीवर बसायचं आणि पोलीस दिसले की फटाका उडवायचा. मग माल विकणारा 'वापोर', मग बंदूक धरणारा 'सोल्दादो', मग 'जेरेंते' म्हणजे व्यवस्थापक, आणि सगळ्यांच्या वर 'दोनो', मालक. आठवड्याला पैसे हातात पडतात, अंगावर चांगले बूट येतात, पोरी बघतात. समुपदेशनाची सत्रं भरवून या शिडीशी स्पर्धा करता येत नाही, हे ज्युनियरला लवकर कळलं.

म्हणून आफ्रोरेगेने दुसरी शिडी उभी केली. कार्यशाळेतलं पोर, मग एखाद्या पोटपथकात, मग लहानांना शिकवणारा मदतनीस, मग प्रशिक्षक, आणि वर मुख्य वाद्यवृंद, रेकॉर्ड कंपनीचा करार, टीव्ही, विमान. पुढच्या पायऱ्यांवर मानधन. अट अशी की नशा नाही आणि टोळीशी संबंध नाही. चकाकीशी चकाकीने लढायचं, असा हा सरळ हिशेब होता. समाजकार्याच्या सात्त्विक कल्पनेत तो बसत नाही आणि टीकाकारांनी त्यावरच बोट ठेवलं. पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीचा पैसा, ग्लोबो वाहिनीवरची उपस्थिती, कायतानो वेलोसोसारख्या मोठ्या गायकाचा वरदहस्त, पुढे तर ज्युनियर स्वतः टीव्ही कार्यक्रमाचा सूत्रधार. ही टीका मला अर्धीच पटते. गच्चीवर फटाका घेऊन बसलेल्या पोराला साधेपणाचं आकर्षण असावं ही अपेक्षा आपण पोटभर जेवलेली माणसं करतो. टीकेचा उरलेला अर्धा भाग मात्र खरा आहे. चकाकीची शिडी वर निमुळती होते. मुख्य वाद्यवृंदात जागा मूठभरांना, आणि त्यातही पुरुषांना. मुलींची पथकं निघाली, पण जगभर फिरलं ते नाव पोरांचं.

ढोल काय शिकवतो

आता प्रत्यक्ष वाद्यांकडे जाऊ, कारण पोलिसांशी आणि लंडनशी झालेल्या देवाणघेवाणी यांच्या जोरावर झाल्या. आफ्रोरेगेचा पाया सांबा-रेगेचा, म्हणजे ईशान्य ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरातल्या काळ्या वस्त्यांच्या कार्निव्हल पथकांनी घडवलेला ठेका. त्यातलं मोठं वाद्य सुर्दो, कमरेला पट्ट्याने लटकवायचा खोल आवाजाचा ढोल. आपल्या ढोलपथकात पन्नास ढोल एकच ठोका एकदम मारतात आणि त्या एकत्रपणातून छातीत धडधड होते. सांबा-रेगेत सुर्दो गटागटांत वाटलेले असतात. एक गट ठोका टाकतो, दुसरा त्याला उत्तर देतो, तिसरा मधल्या फटी भरतो. त्यावर रेपीक हे चढ्या आवाजाचं वाद्य बारीक छड्यांनी आणि काइशा हा सपाट ताशासारखा. ठेका कुणा एकाच्या हातात पूर्ण नसतोच. तुम्ही कितीही तयारीचे असा, समोरच्याने आपला ठोका टाकल्याशिवाय तुमच्या ठोक्याला अर्थ नाही, आणि तुमचा चुकला की त्याचा उघडा पडतो.

दुसरी गोष्ट, हे सगळं तोंडी आणि हातांनी शिकवलं जातं. प्रमुख समोर उभा राहतो, शिट्टी वाजवतो, बोटांनी खुणा करतो, ठेका तोंडाने म्हणून दाखवतो. कागद नाही, स्वरलिपी नाही. त्यामुळे इंग्रजीचा एक शब्द न येणारा, शाळा अर्धवट सोडलेला एकोणीस वर्षांचा पोरगा लंडनच्या तीस मुलांसमोर उभा राहून तासाभरात त्यांच्याकडून काहीतरी ऐकण्यासारखं वाजवून घेऊ शकतो. चित्रकलेच्या किंवा नाटकाच्या देवाणघेवाणीत मध्ये दुभाषा येतो, आणि दुभाष्याबरोबर संस्थेचा माणूसही येतो. इथे त्याचं काम उरत नाही.

भिंतीपलीकडचे

विगारिओ जेरालला लागूनच पराडा दे लुकास ही दुसरी फावेला आहे. घराला घर. पण तेव्हा विगारिओ जेरालवर कोमांदो वेर्मेल्यो या टोळीची सत्ता होती आणि लुकासवर तिच्या वैऱ्यांची, तेर्सेइरो कोमांदोची. हे वैर १९८० च्या दशकातलं, आणि सुरुवात फुटबॉलच्या सामन्यातल्या भांडणातून झाली असं वस्तीत सांगतात. सीमेवरच्या घरांच्या भिंती गोळ्यांनी चाळण झालेल्या. टोळीशी काडीचा संबंध नसलेल्या पोरालाही पलीकडे जाता यायचं नाही, कारण अलीकडचा पत्ता हाच त्याचा गुन्हा. नातेवाईक पलीकडे असले तर त्यांना भेटायला शहराला वळसा घालून तिसऱ्याच ठिकाणी जायचं.

आफ्रोरेगेने पुढे लुकासमध्ये संगणक प्रशिक्षणाचं केंद्र काढलं. ऐकायला हे किरकोळ वाटतं. संगणकाचे वर्ग काय, कुणीही काढतं. पण विगारिओ जेरालचं नाव लागलेल्या संस्थेने लुकासमध्ये दार उघडायचं तर दोन्हीकडच्या 'दोनों'ना ते मान्य असावं लागतं, आणि मान्य करून घ्यायचं तर त्यांच्याशी बोलावं लागतं. ज्युनियर आणि त्याचे सहकारी बोलायचे. दोन टोळ्यांच्या तणातणीत ते मध्ये पडायचे, पकडलेल्या पोरांना सोडवून आणायचे. यावर आक्षेप असा की तुम्ही गुन्हेगारांना मान्यता देता. आक्षेप खोटा नाही. पण ज्या वस्तीत सरकार फक्त बंदूक घेऊन येतं, तिथे राज्य करणाऱ्याशी न बोलता मुलांना पलीकडे नेण्याची दुसरी कोणती वाट होती, हे आक्षेप घेणाऱ्यांनी कधी सांगितलेलं माझ्या वाचनात नाही.

या पहिल्या देवाणघेवाणीला प्रेक्षक नव्हते, पोस्टर नव्हतं, निधी जवळजवळ नव्हता. धोका मात्र होता तो जिवाचाच.

गणवेशातले विद्यार्थी

दुसरी देवाणघेवाण मला या सगळ्यातली सर्वांत विलक्षण वाटते, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

आफ्रोरेगेच्या वस्तीतल्या कामाचा जन्म पोलिसांनी केलेल्या हत्याकांडातून झाला. तरी ज्युनियरने प्रस्ताव मांडला की आमची मुलं पोलिसांना ढोल शिकवतील. रिओच्या पोलिसांनी तो घेतला नाही. शेजारच्या मिनास जेराइस राज्याने घेतला. तिथली राजधानी बेलो होरिझोन्ते इथे २००४ मध्ये 'जुव्हेंतुदे ए पोलिसिया' म्हणजे 'तरुणाई आणि पोलीस' हा उपक्रम सुरू झाला. फोर्ड फाउंडेशनचा पैसा, रिओच्या कांदिदो मेंदेस विद्यापीठातल्या गुन्हेविषयक अभ्यास केंद्राचं मार्गदर्शन, आणि तिथल्या पोलीस दलाची २२ वी बटालियन. ब्राझीलमध्ये गस्त घालणाऱ्या गणवेशातल्या राज्य पोलिसांना 'लष्करी पोलीस' म्हणतात. ते सैन्य नव्हे, पण शिस्त, हुद्दे, बराकी सगळं त्याच धर्तीचं.

आठवडाभराच्या कार्यशाळा. ढोल, नाच, नाटक, व्हिडिओ आणि भिंतीवर स्प्रेने रंगवायची ग्राफिती. विद्यार्थी म्हणजे हवालदार आणि अधिकारी, शिकवणारे फावेलातले विशीच्या आसपासचे तरुण, बहुतेक काळे, ज्यांच्या आयुष्यात पोलिसांशी आलेला संबंध म्हणजे भिंतीकडे तोंड करून हात वर करणं. यात ग्राफितीचा वर्ग विशेष. ज्या पोराला भिंत रंगवताना पकडायचं, त्याच्याकडूनच डबा कसा धरायचा, भिंतीपासून किती अंतर ठेवायचं, ओघळ कसा टाळायचा हे शिकायचं.

सुर्दोवर पोलीस चुकतो. चुकणारच, पहिल्या दिवशी सगळेच चुकतात. मग प्रशिक्षक पोरगा त्याला थांबवतो, त्याचा हात धरून ठोका कुठे पडायला हवा ते दाखवतो, पुन्हा करायला लावतो. अख्खी पलटण बघत असते. या उपक्रमाच्या अहवालांत संवाद, विश्वास, नागरिकत्व असले शब्द भरपूर आहेत. माझ्या वाचनानुसार खरं काम ओशाळण्याने केलं. हुद्द्याचा माणूस सर्वांसमोर चुकतो, ज्याला तो एरवी झडती घेताना 'ए पोरा' म्हणतो तो त्याला सुधारतो, आणि त्यातून काही बिघडत नाही, उलट ठेका जमतो. भाषणातून हे होत नाही. बटालियनच्या पोलिसांचं स्वतःचं पथक तयार झालं, गणवेशातच आफ्रोरेगेबरोबर मंचावर वाजवू लागलं.

इथे एक सावध नोंद हवी. मिनास जेराइसने दार उघडलं, कारण तिथे आधीच काहीतरी हललेलं होतं. बेलो होरिझोन्तेमध्ये त्याच सुमाराला 'फीका व्हिवो' (जिवंत राहा) हा खून कमी करण्याचा सरकारी कार्यक्रम धोक्याच्या वस्त्यांत चालू होता आणि त्यासाठी पोलिसांची खास तुकडीही नेमली होती. बदलायला तयार असलेले पोलीस ढोल शिकायला आले. ज्यांनी शिकायला हवं होतं ते रिओचे पोलीस बाहेरच राहिले, आणि एकट्या २००७ मध्ये रिओ राज्यात पोलिसांच्या हातून १,३३० माणसं मेल्याची अधिकृत नोंद आहे. नंतर रिओच्या नागरी पोलिसांतले काही अधिकारी आणि टोळी सोडलेले आफ्रोरेगेचे लोक जोडीने शाळांत बोलायला जाऊ लागले, तेही मोलाचंच. पण १,३३० च्या आकड्यापुढे ठेवलं की प्रमाण लक्षात येतं.

पूर्व लंडन

आता लंडन. पॉल हेरिटेज हे क्वीन मेरी विद्यापीठातले नाट्यशास्त्राचे प्राध्यापक, 'पीपल्स पॅलेस प्रोजेक्ट्स'चे संस्थापक. ब्राझीलच्या तुरुंगांत नाटकाचं काम त्यांनी आधीपासून केलेलं. त्यांनी आणि बार्बिकनने आफ्रोरेगेला आणलं ते लंडनला ब्राझीलबद्दल काही शिकवायला नव्हे. फावेलात जी पद्धत सापडली आहे ती आपल्याकडच्या मुलांसाठी चालते का, हे त्यांना पाहायचं होतं.

प्रश्न लंडनलाही होतेच. २२ जुलै २००५ ला स्टॉकवेल भुयारी स्थानकात लंडनच्या पोलिसांनी जाँ शार्लेस दे मेनेझेस या ब्राझिलियन इलेक्ट्रिशियनला दहशतवादी समजून गोळ्या घातल्या होत्या. त्याला जेमतेम आठ महिने झालेले. २००७ मध्ये लंडनमध्ये वीसहून अधिक किशोरवयीन मुलं मारली गेली, बहुतेक चाकूने. पोस्टकोडवरून टोळ्या: अमुक क्रमांकाच्या भागातल्या पोराने तमुक क्रमांकाच्या भागात पाऊल टाकायचं नाही. विगारिओ जेराल आणि लुकासचं वैर ज्याने पाहिलं आहे त्याला यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. फरक एवढाच की लंडनच्या पोलिसांच्या गोळीने वर्षाला मरणारी माणसं एका आकड्यात मोजता येत, आणि पोरांच्या हातात स्वयंचलित रायफल नव्हत्या. पण स्वतःच्या वस्तीबाहेर न पडणारा सोळा वर्षांचा पोरगा दोन्हीकडे एकच.

कार्यशाळांचं स्वरूप वर सांगितलं तसंच. शिट्टी, खुणा, वाटून घेतलेले ठोके. रिओहून आलेल्यांना लंडनच्या मुलांनी शिक्षक म्हणून स्वीकारलं याचं कारण मला कलेपेक्षा पत्त्यात दिसतं. समाजकार्यकर्ता सांगतो तेव्हा मुलाला वाटतं, याला काय कळतंय. फावेलातून आलेला आणि जगभर वाजवून आलेला तरुण समोर आला की हा प्रश्नच उभा राहत नाही. वर्षागणिक मंडळी पुन्हा आली, ब्रिटनमधल्या इतर शहरांतही गेली. २०१० च्या उन्हाळ्यात टेम्सकाठच्या साउथबँक सेंटरने मोठा ब्राझील महोत्सव भरवला तेव्हाही आफ्रोरेगे होतं.

इथपर्यंत सगळं चांगलंच. पण एक गोष्ट मला या लंडन प्रकरणात सतत खटकत आली आहे. पूर्व लंडनच्या गरीब वस्त्यांचं स्वतःचं संगीत तेव्हा ऐन भरात होतं. ग्राइम. बो या भागातल्या उंच सरकारी इमारतींमधून, चोरट्या रेडिओ केंद्रांवरून उगवलेलं. तिथलाच डिझी रास्कल २००३ मध्ये मर्क्युरी हा ब्रिटिश संगीताचा पुरस्कार घेऊन गेला. आणि याच काळात, २००५ पासून, लंडनच्या पोलिसांनी संगीताच्या कार्यक्रमांसाठी 'फॉर्म ६९६' लागू केला. कार्यक्रम ठेवायचा तर कलाकारांची खरी नावं, जन्मतारखा, पत्ते आधी पोलिसांना द्यायचे. सुरुवातीच्या नमुन्यात तर प्रेक्षक कोणत्या वंशाचे असतील असाही प्रश्न होता. फटका बसला तो ग्राइम आणि काळ्या तरुणांच्या संगीताला. क्लबवाले नकोच म्हणू लागले. हा फॉर्म रद्द व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला.

म्हणजे रिओच्या गरीब वस्तीचा ढोल बार्बिकनच्या मंचावर सन्मानाने वाजत होता आणि तिथून काही मैलांवरच्या पोराचा माइक पोलीस ठाण्यातून मंजूर व्हायचा होता. यात बार्बिकनचा किंवा हेरिटेज यांचा दोष नाही. पण दूरच्या गरिबीला कला म्हणून आणणं जवळच्या गरिबीला ऐकण्यापेक्षा सोपं असतं, हे आयोजकांच्या लक्षात यायला हवं होतं. रिओतही बाइले फंकच्या, म्हणजे फावेलांतल्या नाचगाण्याच्या, पार्ट्यांवर पोलिसांची वक्रदृष्टी होती, आफ्रोरेगेच्या मंडळींना हा खेळ नवा नव्हता. ढोलाऐवजी पोलिसांना खुपणाऱ्या या दोन संगीतांची गाठ घालून दिली असती तर देवाणघेवाणीला खरी दोन टोकं मिळाली असती. जे झालं त्यात रिओने दिलं आणि लंडनने घेतलं. नेहमीच्या उलट दिशेने झालं हे खरंच, पण एकाच बाजूने.

मग ऑगस्ट २०११ आला. उत्तर लंडनच्या टॉटनहॅममध्ये पोलिसांच्या गोळीने मार्क डगन मेला आणि दंगली पेटल्या, दोन दिवसांत पूर्व लंडनच्या हॅकनीपर्यंत पोचल्या. त्याआधीच्या ऑक्टोबरात सरकारने कलासंस्थांना अनुदान देणाऱ्या आर्ट्स काउन्सिलच्या निधीत जवळपास ३० टक्के कपात जाहीर केली होती. गरीब घरच्या मुलांना कॉलेजात टिकवणारा शिक्षण भत्ता इंग्लंडमध्ये बंद झाला होता, स्थानिक युवा केंद्रांना कुलपं लागत होती. ढोलाच्या कार्यशाळांनी दंगल थांबवायला हवी होती असं कुणी म्हणणार नाही. पण आफ्रोरेगेकडून लंडनने पद्धत उचलली आणि पद्धतीचा पाया, म्हणजे पोराला वर्षानुवर्षं धरून ठेवणारी शिडी, तिथेच सोडला. रिओतलं पोर कार्यशाळेनंतर दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतल्या त्याच केंद्रात जात होतं. लंडनच्या पोराचे मास्तर विमानाने परत गेले होते.

रिओत मागे काय चाललं होतं

२००९ च्या ऑक्टोबरमध्ये आफ्रोरेगेचा एक समन्वयक, एव्हांद्रो जुआँव दा सिल्वा, रिओच्या मध्यवस्तीत लुटारूंच्या हातून मारला गेला. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांनी पुढचं टिपलं: जवळ असलेल्या दोन पोलिसांनी लुटारूंना अडवलं, त्यांच्याकडचे एव्हांद्रोचे बूट आणि जाकीट काढून घेतले आणि त्यांना जाऊ दिलं. एव्हांद्रो रस्त्यावर पडलेला होता. पोलिसांना ढोल शिकवणाऱ्या संस्थेच्या माणसाचा हा शेवट. तरी आफ्रोरेगेने पोलिसांबरोबरचं काम बंद केलं नाही.

२०१० मध्ये विगारिओ जेरालमध्ये वाली सालोमाओ सांस्कृतिक केंद्र उघडलं, गटाला सुरुवातीपासून साथ देणाऱ्या कवीच्या नावाचं, सुसज्ज आणि पक्कं. त्याच नोव्हेंबरात सैन्य आणि पोलीस अलेमाओच्या फावेला-समूहात शिरण्याच्या तयारीत असताना ज्युनियर आत जाऊन टोळीवाल्यांशी शरणागतीचं बोलून आला. मध्यस्थाची ही भूमिका नंतर महागात पडली. २०१३ मध्ये धमक्यांमुळे अलेमाओतलं केंद्र काही काळ बंद ठेवावं लागलं, आणि ज्युनियरला पोलिसांच्या संरक्षणात फिरायची वेळ आली.

याच वर्षी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या सांद्रा जोव्हशेलोव्हिच आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास युनेस्कोने प्रसिद्ध केला. रिओच्या फावेलांतले शेकडो रहिवासी आणि आफ्रोरेगे, कूफा या दोन संस्था हा त्याचा विषय. त्यातली एक कल्पना मला कामाची वाटते. कुटुंब आणि शाळा जिथे कोसळलेली असतात तिथे अशा संस्था पोराभोवती मनाची परांची उभी करतात: कुणीतरी नावाने हाक मारतं, कुणीतरी उशीर झाला म्हणून रागावतं, शहराच्या दुसऱ्या भागात घेऊन जातं. इमारत उभी राहीपर्यंत परांची काढायची नसते, हे कुठल्याही गवंड्याला ठाऊक असतं. निधी देणाऱ्यांचा करार मात्र दोन-तीन वर्षांचा असतो.

रिओतून पूर्व लंडनला त्याच काळात आणखी एक पद्धत गेली होती. तिची गाठ कलेशी नव्हती, मुष्टियुद्धाशी होती. ल्यूक डाउडनी या ब्रिटिश माणसाने २००० मध्ये रिओच्या मारे फावेला-समूहात 'लुता पेला पाझ' (शांततेसाठी लढा) नावाची अकादमी काढली: बॉक्सिंग शिका, सोबत शिक्षण आणि नोकरीची तयारी. २००७ मध्ये तिची शाखा पूर्व लंडनमधल्या नॉर्थ वुलिचमध्ये निघाली. तिथे महोत्सव नव्हता, पाहुणे कलाकार नव्हते, वर्तमानपत्रांत परीक्षणं आली नाहीत. अकादमीला स्वतःची जागा होती, पगारी स्थानिक प्रशिक्षक होते आणि आठवड्याचं वेळापत्रक होतं. बार्बिकनचा कार्यक्रम ऑलिंपिकबरोबर संपला, वुलिचची अकादमी त्यानंतरही चालू राहिली.